केतकीची साइट बघायला लिमरिकला

लग्नाला सहा वर्षं झाली, पण बायको कामावर नेमकं काय करते हे मी कधी पाहिलं नव्हतं. मी आयर्लंडमधल्या मलिंगारच्या हॉस्पिटलात डॉक्टर, केतकी लिमरिकला, भेट फक्त शनिवार-रविवारची. माझ्यामागे डिपेंडंट व्हिसावर आली तेव्हा ही सिव्हिल इंजिनिअर तीन वर्षं घरीच बसली होती. मग ही नोकरी मिळाली, आणि खरं सांगायचं तर ती इतकी लांब म्हणून मी थोडा रुसलोही होतो. या शनिवारी तिची साइट बघायला तिथे घरं मिळणाऱ्या रहिवाशांना बोलावलं होतं, घरच्यांनाही यायची मुभा होती. मी ड्यूटी बदलून घेतली, सोलापूरहून आलेल्या सासूबाईंना गाडीत बसवलं आणि शुक्रवारी सकाळी निघालो.

टलमोर, बर, नीना असा रस्ता घ्या. नीनापर्यंत एकेरी लेन आहे, पुढे ट्रॅक्टर आला की त्याच्या मागेच जायचं, नंतर मोटरवे. दोन-सव्वादोन तास धरा. बर या गावात सूप आणि ब्राउन ब्रेड घेतला. सासूबाईंनी पर्समधून शेंगाचटणीची डबी काढून ब्रेडवर पसरली. "आता खान्याजोगं झालं," म्हणाल्या.

साइट शॅनन नदीपासून पाच मिनिटांवर आहे. तिथली जुनी वस्ती पाडून गल्ल्यांमागून गल्ल्या नव्याने बांधताहेत. मूळचे रहिवासी तोवर गावभर भाड्याने राहतात. रोज प्रत्येक घरात फिरायचं, काम कुठवर आलं ते डोळ्यांनी पाहायचं, ठरलेल्या तारखांशी ताडायचं आणि कामगारांची पुढची टोळी कधी आत सोडायची ते ठरवायचं, हे केतकीचं काम. केबिनच्या भिंतीवर वस्तीचा मोठा नकाशा होता. झालेलं घर हिरवं, चालू असलेलं पिवळं, अडलेलं लाल.

आम्ही पोहोचलो तेव्हा ती एका गल्लीतली बारा घरं लाल करत होती. कागदावर तिथलं काम पूर्ण झालेलं होतं. पण पाइपांची तपासणी न करताच भिंती बंद केल्याचं तिला सकाळी कळलं होतं. आता भिंती उघडायच्या, म्हणजे ख्रिसमसआधी घरं मिळणार नव्हती.

तिचा बॉस म्हणाला, "उद्या लोक आनंदाने येतायत. पुढच्या आठवड्यात सांगू."

रात्री जेवताना मीही तेच म्हणालो, "आठवड्याने काय बिघडतं?"

"भाड्याची घरं सोडतोय अशी नोटीस घरमालकांना द्यायला लोक येत्या दोन-चार दिवसांतच जाणार आहेत," ती म्हणाली. "ऐन ख्रिसमसला सामान घेऊन कुठे उभे राहतील?"

हॉस्पिटलात वाईट बातमी वेळेवर सांगायची असते, हे मी ज्युनिअर डॉक्टरांना शिकवतो. 

शनिवारी चाळीसेक माणसं जमली. आम्हालाही हेल्मेट आणि बूट मिळाले. साडीखाली ते जड बूट घालून सासूबाई पहिल्या रांगेत उभ्या राहिल्या. केतकीने प्रस्तावना केली नाही. "ख्रिसमसची तारीख पाळता येणार नाही. नोटीस देऊ नका. का, ते दाखवते, चला," एवढंच म्हणाली.

"हे तिसऱ्यांदा," मागून एक माणूस ओरडला. ती तिथेच उभी राहिली, त्याचं सगळं बोलणं होईपर्यंत. मग सगळ्यांना त्या गल्लीत नेलं, उघडलेली भिंत दाखवली, तपासणीला किती दिवस लागतील, मग प्लास्टर, मग रंग, असा फेब्रुवारीपर्यंतचा एकेक टप्पा सांगितला.

ब्रायडी नावाच्या आजी त्या पाइपांकडे बराच वेळ बघत होत्या. या गल्लीत त्यांचा जन्म गेलेला.

"मागच्या दोन्ही वेळी सामान बांधून झाल्यावर कळलं," त्या म्हणाल्या. "या वेळी कुणीतरी आधी सांगितलं. फेब्रुवारी म्हणतेस?"

"फेब्रुवारीचा शेवट. दर शुक्रवारी मी तुम्हाला फोन करून कुठवर आलं ते सांगेन."

"चालेल, पोरी."

एवढा वेळ मागे उभा असलेला बॉस मग पुढे आला आणि नवी तारीख त्याने स्वतःच्या हाताने गल्लीच्या तोंडाशी लावलेल्या फळ्यावर लिहिली.

सासूबाईंनी माझी बाही ओढली. "काय म्हनली ती म्हातारी?" मी सांगितलं. त्या लेकीकडे बघत राहिल्या. "लहानपनी पाव्हनं आलं की कपाटामागं लपायची ही," एवढंच म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.

लिमरिकला जाणार असाल तर शनिवारचा बाजार सकाळी लवकर गाठा आणि पुलावरून किल्ला पाहा. आमचा बाजार हुकला, किल्ला तेवढा रविवारी घाईत पाहिला. परतताना बरच्या अलीकडे पाऊस लागला. सासूबाई मागे झोपल्या होत्या आणि मी एकटाच हसत गाडी चालवत होतो.

सोमवारी वॉर्डात नर्सने विचारलं, "वीकेंड कसा गेला?" इथे याला 'ग्रँड', म्हणजे 'मस्त', एवढंच म्हणून पुढे जायचं असतं. मी फाइल खाली ठेवली आणि म्हणालो, "माझी बायको लिमरिकमध्ये एक वस्ती उभी करतेय. दोन मिनिटं आहेत का?"