प्रार्थनेचा सहावा विषय

माझ्या आईवडिलांची बातमी मला कायम दुसऱ्याच कुणाकडून कळत आली आहे. यंदा ती शहाड स्टेशनबाहेर मेथीची जुडी बघताना कळली. आमच्या देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, एक काकू समोरून आल्या, पिशवी खाली ठेवून त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "अगं, आम्ही रोज प्रार्थना करतोय हं. सांगितलं का त्यांनी तुला?"

"काय सांगितलं?"

काकूंचा चेहरा पडला. "काही नाही गं, असंच," म्हणत त्या भाजी न घेताच सटकल्या.

पप्पा आणि मम्मी चाळीसहून जास्त वर्षं उत्तरेकडच्या डोंगरांत मिशनरी होते. बस जिथे संपते तिथून पुढे दिवसभर चालायचं, अशी ती गावं. पप्पा उपासना घ्यायचे, शाळा चालवायचे. मम्मी नर्स, पंचक्रोशीतली बाळंतपणं तिच्याच हातची. मी सात वर्षांची झाले तेव्हा शिक्षणासाठी मला ठाण्यात कोपरीला मावशीकडे ठेवलं. मावशीने काही कमी पडू दिलं नाही. पण तेव्हापासून आईवडील म्हणजे माझ्यासाठी महिन्याला येणारं एक पत्र, आणि तेसुद्धा मला लिहिलेलं नाही.

ते प्रार्थनापत्र. मंडळीसाठी यायचं आणि रविवारी पाळकसाहेब ते मोठ्याने वाचायचे. शेवटी प्रार्थनेचे विषय असत, क्रमांक घालून. शाळेचं छप्पर, वाहून गेलेला पूल, कुणाचा तरी क्षय, आणि मग कुठेतरी खाली 'ठाण्यात शिकत असलेली आमची मुलगी'. एकदा खेचराचा लंगडा पाय माझ्या वर होता. नाताळला ते येणार नाहीत, हे मला दहाव्या वर्षी भर देवळात, सगळ्यांबरोबरच कळलं. सगळे 'आमेन' म्हणाले. मीही म्हणाले. त्या आमेनचा मला अजून राग येतो.

दीड वर्षापूर्वी मम्मीचं हृदय बिघडलं. आता पुन्हा उंचावर राहिलात तर जिवाशी खेळ होईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं, आणि ते दोघं शहाडला माझ्याकडे आले. मी एकटीच राहते. आतली खोली रंगवून घेतली, संडासात धरायला दांडे बसवले. खोटं कशाला सांगू, मला वाटलं, पन्नाशी उलटल्यावर का होईना, आता पाळी माझी.

कसली पाळी! या दोघांना साधं काही विचारायची सोय नाही. गीझर कुठला घेऊ, विचारलं की पप्पा म्हणणार, "प्रार्थना करून सांगतो." दोन आठवडे गार पाण्याने आंघोळ. नवीन रजई आणली, ती वॉचमनच्या बायकोकडे गेली. मम्मी माझ्याशी औषधं आणि भाजी याखेरीज बोलत नाही, पण गावाहून व्हिडिओ कॉल आला की त्या डोंगरी भाषेत खळखळून हसते. मला त्यातला एक शब्द कळत नाही. मी शेजारी बसून शेंगा सोलते आणि मनातल्या मनात चरफडते.

तर, त्या दिवशी भाजी मार्केटातच कडेला उभं राहून मी फोन उघडला. प्रार्थनापत्र हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर येतं. त्या ग्रुपमध्ये मला मम्मीनेच घातलं होतं, पण मी तो म्यूट करून ठेवलेला. पप्पा हे विसरूनही गेले असणार. पत्रात लिहिलं होतं की प्रभूने पुन्हा बोलावलं आहे, ईस्टरनंतर आम्ही गावी परत जात आहोत, कायमचे. खाली विषय. दुसरा, मम्मीचं हृदय. सहावा, 'हे मुलीला सांगण्याचं धैर्य आम्हाला मिळावं.'

दीडशे माणसं त्यासाठी प्रार्थना करत होती. आणि मी त्यांच्यातच होते.

घरी येऊन मी फोन पप्पांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचलं, जणू दुसऱ्याच कुणी लिहिलंय. "अरे देवा," एवढंच म्हणाले.

"डोंगरात जाताना घाबरला नाहीत, आणि मला घाबरता?" मी ओरडले. "जगाला सांगता, मला का नाही सांगत? मम्मी तिथे मरेल, पप्पा!"

उत्तर मम्मीने दिलं, आणि तेही सावकाश, दम खात. "तुला सांगितलं असतं तर तू थांबा म्हणाली असतीस. तू म्हणालीस तर आमच्याने जाववणार नाही गं. पहिल्यापासून तसंच आहे. म्हणून तर तुला कधी आधी सांगायचो नाही."

म्हणजे इतकी वर्षं एका शब्दाचं काम होतं, आणि तेवढा शब्द मला कुणी म्हणू दिला नव्हता. मी म्हणाले, "थांबा."

ते थांबले. प्रार्थना करून सांगतो, असंही पप्पा म्हणाले नाहीत. तिकिटं रद्द करायला त्यांनी माझ्याकडेच फोन दिला.

त्याला आता चार महिने झाले. मम्मी गोळ्या वेळेवर घेते. पप्पा सकाळी जवळच्या मोहने गावापर्यंत चालून येतात आणि मग दिवसभर खिडकीशी बसून असतात. परवा गावातल्या शाळेच्या मास्तरांचा फोन आला, कधी येताय म्हणून. पप्पा मुद्दाम हिंदीत बोलले, मला कळावं म्हणून असेल. "अब नहीं आएँगे," ते म्हणाले. "बेटी ने रोक लिया है।"

मी कान देऊन ऐकत होते. त्यात तक्रार नव्हती, टोमणाही नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.