साळवेबाई आमेन मोजतात

आमच्या गुरुवारच्या सभेहून घरी येताना मी दर वेळी काहीतरी घेऊनच येते. दोनदा दुसऱ्याच कुणाची चप्पल घेऊन आले. किस्सा मात्र हमखास असतो. लग्नाला सहा महिने झाले, म्हणजे पंचवीसेक गुरुवार धरा. सांगायला कुणी मिळालं नाही की हे किस्से डोक्यात नुसते साठत जातात, आणि मी पडले कमी बोलणारी. म्हणून लिहून काढते.

सभा म्हणजे आमच्या मुलुंडच्या मराठी चर्चमधल्या सात बायका. दुपारी तीन ते साडेचार, आळीपाळीने एकेकीच्या घरी. विषय ठरलेले. पत्नीने कसं असावं, आईने कसं असावं, मुलं देवाच्या भयात कशी वाढवावीत. शिकवणाऱ्या साळवेबाई. बाई हेडमिस्ट्रेस होत्या. रिटायर झाल्या त्या फक्त शाळेतून.

मला तिथे माझ्या सासूबाई घेऊन गेल्या, लग्नानंतरच्या दुसऱ्याच गुरुवारी. हळदीचे हात अजून पिवळे होते.

*

सभेत आम्ही प्रार्थनेच्या विनंत्या चिठ्ठीवर लिहून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकतो. बाई एकेक चिठ्ठी काढून वाचतात, तिच्यासाठी प्रार्थना करतात आणि शेवटी आम्ही सहाजणी 'आमेन' म्हणतो. ते कधी म्हणजे कधी एकत्र पडत नाही. कुणाचं आधी, कुणाचं मागून, आढावकाकूंचं तर रबरासारखं लांबत जातं. बाई डोळे मिटूनच ती मोजतात. सहा भरली की डोळे उघडायचे, तोवर नाही.

"आमेन म्हणजे अर्जाखालची सही," त्यांनी पहिल्याच दिवशी मला समजावलं. "एकीची जरी राहिली तरी अर्ज पुढे सरकत नाही. आणि वाचल्याशिवाय करायची नाही."

त्याच दिवशी डब्यातून आईंची चिठ्ठी निघाली. सासूबाईंना मी आई म्हणते. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'सूनबाईची कूस लवकर उजवावी.'

आता इथे माझी अडचण. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला बाहेरून बसले आहे, परीक्षा एप्रिलमध्ये. मग बी.एड., मग शाळेत नोकरी आणि त्यानंतर मूल. हे सॅमीचं आणि माझं साखरपुड्यातच ठरलं होतं. (सॅमी म्हणजे माझा नवरा. बाईंसमोर 'हे'.) आईंनाही आम्ही तेव्हाच सांगितलं होतं. त्यावर त्या म्हणाल्या होत्या की झोळीला झोका देत देत अभ्यास होतो, त्यात काय एवढं.

बाईंनी मनापासून प्रार्थना केली. मागोमाग आमेन पडली. बाई थांबल्या.

"पाच झाली."

सहावं माझं होतं. अर्ज माझ्याबद्दलचा, पण मी केलेला नाही. मी गप्प. शेवटी बाईंनीच तोड काढली. "शालिनी, आवाज फार बारीक गं तुझा. म्हणालीस ना?"

"हो बाई," माझ्या तोंडून निघून गेलं. बाईंनी तेच धरलं आणि चहा आला.

घरी जाताना मला माझाच राग आला. आमेन म्हटलं नव्हतं, पण खोटं बोलून बसले होते. म्हणजे दोन्हीकडून वाट लागली. पुढच्या वेळी 'हो'सुद्धा म्हणायचं नाही, असं मी जिन्यातच ठरवून टाकलं.

*

पतीच्या अधीन राहण्याचा पाठ झाला तेव्हा बाईंनी होमवर्क दिला. आठवडाभर नवऱ्याने काहीही विचारलं तरी उत्तर एकच द्यायचं: "तुम्ही म्हणाल तसं."

आढावकाकूंनी ते फारच मनावर घेतलं. एरवी काकूंना मत नाही असा विषय मुलुंडमध्ये शिल्लक नसेल. आढावकाकांनी शुक्रवारी सहज विचारलं, आज भाजी कुठली? तुम्ही म्हणाल तसं. काकांना घाईत एकच नाव आठवलं, भेंडी. शनिवारी पुन्हा भेंडी. रविवारी पाहुणे आले, त्यांनाही भेंडी. गॅसचा नंबर कधी लावायचा, भाच्याच्या लग्नात आहेर काय करायचा, मुलीच्या वेणीला लाल रिबन की निळी, सगळं काकांवर आलं.

बुधवारी काका हाफ डे टाकून चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेले.

"साहेब, मी घराचं मस्तक आहे हे मला मान्य आहे," ते म्हणाले. "पण मस्तकाला आठवड्याची एक सुट्टी असते की नाही?"

त्या गुरुवारच्या सभेतही आईंची चिठ्ठी होती. पाच आमेन झाली. बाई थांबल्या, मीही थांबले. या वेळी मी ओठ घट्ट मिटून घेतले होते. आढावकाकूंना वाटलं की त्यांचंच ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं, आधीच्याहून लांब.

सहा भरली!

*

मग छडीचा पाठ झाला. आई-बापांनी छडीचा आळस केला तर मूल हातचं जातं, वगैरे. तो सुशीलामावशीने घरी नेला. मावशी आमच्या सभेतली सगळ्यांत मवाळ बाई, आवाज चढवला तर स्वतःच दचकते.

तिच्या नऊ वर्षांच्या मोनिकाने प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही स्वतःच ठोकून दिली होती. मावशीकडे छडी नव्हती. होती ती वरच्या दोरीवर कपडे वाळत घालायची काठी, चांगली सहा फूट. आणि खोली दहा बाय बारा.

मावशीने काठी उगारली ती थेट ट्यूबलाइटवर. खळ्ळकन काच खाली. घाबरून काठी मागे ओढली तर मागच्या भिंतीवरची बायबलच्या वचनाची फ्रेम गेली. मोनिका धावत जाऊन आईच्या चपला घेऊन आली, म्हणाली, "आई, हलू नकोस, पायात घाल आधी." मग तिनेच केरसुणी घेतली, काचा गोळा केल्या आणि आईला पाणी दिलं.

मावशी सभेत साक्ष द्यायला उभी राहिली. "बाई, तुमचं शंभर टक्के खरं आहे. छडी उगारल्याबरोबर पोरगी इतकी शहाण्यासारखी वागली! पण असं रोज नाही हो परवडणार."

नंतर बाईंनी मोनिकाला समोर बोलावून विचारलं, दुसऱ्याची सही का केलीस? ती म्हणाली, "बाबा करतच नव्हते."

सगळ्या हसल्या. मी आढावकाकूंच्या दुसऱ्या आमेनचा विचार करत होते.

*

आढावकाकूंच्या मजल्यावर टीव्ही फक्त त्यांच्याकडे. संध्याकाळी मजल्यावरची सगळी पोरं त्यांच्या खोलीत. काकूंचा नियम असा की आधी कुटुंबप्रार्थना, मग टीव्ही. ज्याला बघायचंय त्याने हात जोडून बसायचं, मग तो कुणाचाही असो. (बुधवारी सिनेमाच्या गाण्यांचा कार्यक्रम असतो. त्या दिवशीची प्रार्थना सगळ्यांत आटोपशीर, हे काकूही कबूल करतात.)

एका गुरुवारी त्यांच्याकडे सभा चालू असताना शेजारच्या परबवहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. मालवणकडच्या, कमरेला पदर खोचलेला; त्यांचा मुलगाही रोज टीव्हीला असायचा. आम्हाला वाटलं, मुलांना काय शिकवता म्हणून भांडायलाच आल्या, दुसरं काय! बाईंनीही पुस्तक मिटून घेतलं.

"काकू," परबवहिनी म्हणाल्या, "आमचो झिल आता घराकडे पण जेवच्या आधी डोळे मिटून बसता."

काकू सावरून बसल्या. म्हणाल्या, वहिनी, आम्ही मुद्दाम काही...

"बसांदे, माझा काय म्हणणा नाय. निदान तेवढो वेळ गप तरी रवता. पण तुमची प्रार्थना लांब, भात गार होता. त्येका एखादी बारीकशी शिकवा गे."

बाईंनी तिथल्या तिथे चार ओळींची एक तयार करून दिली. पुढच्या आठवड्यापासून आढावकाकाही तीच म्हणायला लागले.

*

हे सगळं होईतो आईंची चिठ्ठी दर गुरुवारी डब्यात पडतच होती, आणि माझं आमेन पडत नव्हतं. कधी दूधवाला बेल वाजवायचा, कधी कुणाला खोकला यायचा, कधी काकूंचं दुसऱ्यांदा व्हायचं. कसंतरी निभायचं. मला मात्र ते निभणंच आवडेनासं झालं. लपूनछपून नाही म्हणायचं असेल तर नाही कशाला म्हणायचं?

एकदा सभा संपवून आई आणि मी मार्केटमधून येत होतो. गवार निवडता निवडता त्यांनी मान वर न करता विचारलं, "तू आमेन म्हणत नाहीस ना गं?"

"नाही."

भाजीवाल्याने गवार तोलून पिशवीत ओतली. मग मी सांगितलं की बाईंनीच शिकवलंय, वाचल्याशिवाय सही करू नये. मी वाचलंय आणि मला पटलेलं नाही.

"मी चिठ्ठी टाकायची थांबवणार नाही," आई म्हणाल्या.

"मग मीही म्हणणार नाही, आई."

"बरं."

पिशवी जड होती. एक बंद त्यांनी धरला, एक मी, आणि घरापर्यंत आलो.

घरी आल्यावर त्यांनी सॅमीला एवढंच सांगितलं की तुझी बायको गरीब दिसते, पण तशी नाही. सॅमी म्हणाला, ठाऊक आहे. मी गवार मोडायला बसले आणि पुस्तक समोर उघडून ठेवलं. आमच्या घरात अभ्यासाला जागा म्हणजे स्वयंपाकघराचा ओटा आणि वाचायचं ते मोठ्याने, नाहीतर माझ्या डोक्यात राहत नाही.

*

दिवाळीनंतर आमच्या चर्चचा कुटुंब सप्ताह असतो. रोज संध्याकाळी एकेका घरी सभा, आणि या सभांना नवरेही येतात. शनिवार आमच्याकडे होता. बाई धरून चौदा माणसं, मुलं बाहेर गॅलरीत. पाळकसाहेबांना खुर्ची, बाईंना दुसरी खुर्ची, बाकी सगळे सतरंजीवर.

पाठ कुणाचा? देवाकडे मूल मागून घेणाऱ्या आईचा. त्या मुलाच्या नावावरूनच आमच्या ह्यांचं नाव शमुवेल ठेवलं आहे, त्यामुळे बाईंना फारच रंग चढला. आई अशी असावी, मूल असं मागावं, मागून घेतलं की देवालाच वाहावं. आढावकाका इतके गहिवरले की त्यांनी काकूंना न विचारता रुमाल काढला.

पाठ संपला, डबा आला. पहिलीच चिठ्ठी आईंची, नेहमीचीच. बाईंनी उभं राहून प्रार्थना केली, की या घरात वर्षाच्या आत पाळणा हलू दे. आमेन पडली, बायकांची, पुरुषांची, पाळकसाहेबांचं सगळ्यांत भारदस्त.

बाई डोळे मिटून उभ्याच.

"तेरा हवीत," त्या म्हणाल्या. "दहाच झाली."

मला धक्का बसला. एक कमी असणार हे मला माहीत होतं. तीन?

"तीन कमी आहेत," बाई पुन्हा म्हणाल्या. याच आवाजाने वर्गच्या वर्ग कबुली द्यायचा म्हणे. आणि ह्या वेळी ना दूधवाला आला, ना कुणाला खोकला. काकूंनी तोंड उघडलं, तसा काकांनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"एक माझं, बाई." मी उभी राहिले. "राहून गेलं नाही. मी म्हटलंच नाही, पहिल्या गुरुवारपासून एकदाही नाही. मला मूल हवंय, पण आधी परीक्षा द्यायची आहे. देवासमोर खोटी सही करून आई झाले, तर त्या मुलाला खरं बोलायला मी कुठल्या तोंडाने शिकवू?"

पाळकसाहेब पंख्याकडे बघू लागले. सुशीलामावशीने माझा पदर धरला, ओढला मात्र नाही.

"दुसरं माझं," दाराजवळून आवाज आला. सॅमी. मला तो एका शब्दाने बोलला नव्हता. "आमचं दोघांचं ठरलेलं आहे, बाई."

बाईंनी डोळे उघडले. एकेक चेहरा तपासत निघाल्या, आढावकाकू, काका, मावशी, मावशीचे मिस्टर. प्रत्येकजण मान हलवून सांगत होता, मी नाही, मी म्हटलं.

"मग तिसरं कुणाचं?"

आई ओट्याशी चहाचे कप मांडत होत्या. त्या पदराला हात पुसत पुढे आल्या, बाईंच्या हातातली चिठ्ठी घेतली, तिची घडी केली आणि कमरेला खोचली.

"परीक्षा एप्रिलमध्ये आहे, बाई," त्या म्हणाल्या. "आधी तिची प्रार्थना घ्या."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि माझ्याकडे वळल्या.

"विषय कुठला?"

"इतिहास."

"कच्चं काय आहे?"

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आईच म्हणाल्या, "सनावळ्या."