छंद: वाचन, पोहणे, प्रवास

पन्नाशी ओलांडली की पुण्यातल्या पुरुषाची साखर वाढते आणि आपलं आयुष्य फुकट गेलं अशी त्याला शंका येऊ लागते. साखरेवर गोळी आहे. शंकेवर हल्ली बकेट लिस्ट देतात.

शनिवार पेठेत आमचा चहाचा एक कट्टा आहे. आम्ही पाच जण, सगळे बावन्न-चोपन्नचे, रोज सकाळी चालायला म्हणून निघतो आणि चहापाशी थांबतो. गेल्या वर्षी एका रविवारी आमच्यातल्या एकाने सगळ्यांना कागद वाटले. हा कारखान्यात क्वालिटी बघतो, त्यामुळे दुसऱ्यांच्या आयुष्यातले दोष काढणं हा तो आपला हक्क समजतो. "मरायच्या आधी करायच्या गोष्टी लिहा," तो म्हणाला. मंडईत पावशेर मिरच्या घेतानाही बायकोला फोन लावून विचारणाऱ्या एकाने लिहिलं, बुलेटवर लडाख. पहिल्या मजल्यावर लिफ्टने जाणाऱ्याने एव्हरेस्टचा बेस कॅम्प लिहिला. तिसऱ्याला सॅक्सोफोन शिकायचा होता. त्याच्या खालच्या फ्लॅटमधल्या लोकांसाठी मला मनापासून वाईट वाटलं.

मी लिहिलं, पोहायला शिकणे.

क्वालिटीवाल्याने माझ्या कागदात मान घातली. "अरे, तू तर पट्टीचा पोहणारा ना? वहिनी सारख्या सांगत असतात." मी ते खोडलं आणि वर लिहिलं, लडाख. बुलेटवाल्याला फार आनंद झाला. त्याने माझ्या चहाचे पैसे दिले, हे तेवीस वर्षांत पहिल्यांदाच घडलं.

आता खरं सांगतो. मला पोहता येत नाही हे जगात फक्त मला माहीत होतं.

माझ्या लग्नाच्या वेळी आईने माझा बायोडेटा स्वतः लिहिला नाही. माझ्या मामेभावाचं लग्न तिसऱ्याच स्थळाला जमलं होतं, म्हणून त्याचा बायोडेटा हातगुणाचा मानला गेला आणि आमच्या अख्ख्या गोतावळ्यात फिरला. आईने तो टायपिंगवाल्याला दिला आणि सांगितलं, नाव, जन्मवेळ, उंची, शिक्षण आणि पगार तेवढा बदला. त्या सद्गृहस्थाने तेवढंच बदललं. खाली 'छंद: वाचन, पोहणे, प्रवास' हे मामेभावाचं तसंच राहिलं. मामेभाऊ पोहायचा. मी वाचायचो, तेही प्रामुख्याने वर्तमानपत्र.

मुलगी बघायला गेलो तेव्हा चूक सुधारायची संधी आली होती. तिच्या वडिलांनी कागदावर बोट ठेवून विचारलं, "पोहायला उत्तम येतं म्हणायचं?" माझ्या तोंडात तेव्हा बेसनाचा लाडू होता. बेसनाचा लाडू तोंडात असलेला माणूस फक्त मान हलवू शकतो. मी हलवली, आणि ती उभी हलली. लाडू गिळेपर्यंत विषय माझ्या पगारावर गेला होता.

पहिल्या दिवाळसणाला सासरी गेलो, साताऱ्याकडे. बाहेरच्या खोलीत एका पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचा हार घातलेला फोटो होता. बायकोचा धाकटा भाऊ. एक भाऊ लहानपणी गेला एवढंच मला लग्नाआधी सांगितलं होतं. कालव्यात गेला हे तेव्हा कळलं. बायको काठावर बसली होती. तिलाही पोहता येत नव्हतं. सासरे मला म्हणाले, "तीन स्थळं आली होती. दोघांचा पगार तुमच्यापेक्षा जास्त होता. पण म्हटलं, घरात एक तरी पोहणारा माणूस पाहिजे."

त्याच दिवशी सांगायला हवं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा मी अनारसा उचलला आणि तोंडात घातला. अडचणीच्या वेळी काहीतरी गोड खायची माझी सवय तिथपासूनची आहे. साखर वाढली ती अशी.

पंचवीस वर्षं मी पाण्याला टाळण्यात जे कौशल्य दाखवलं, ते नोकरीत दाखवलं असतं तर आज कुठल्या कुठे असतो. मला सायनस होता. कानाला दडे बसायचे. क्लोरीनने अंगावर पित्त उठायचं. मुलगी पाच वर्षांची झाली तेव्हा बायको म्हणाली, "बाहेर कशाला क्लास लावायचा? तुम्हीच शिकवा ना." मी म्हणालो, घरच्यांनी शिकवलेलं मुलं ऐकत नाहीत. क्लास लागला. मुलगी दोन महिन्यांत माशासारखी पोहायला लागली आणि बायको सगळ्यांना सांगू लागली, वडिलांवर गेली आहे.

पण कोकणातला एक प्रसंग मला आजही हसण्यावारी नेता येत नाही. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. क्लासमध्ये शिकली होती, पण समुद्र म्हणजे काही क्लास नव्हे. तिला घेऊन मी पाण्यात गेलो, कारण नाही म्हणायला कारणच उरलं नव्हतं. ती माझ्या कडेवर होती आणि पाणी माझ्या छातीला लागलं होतं. एक लाट आली, ती कडेवरून घसरली आणि माझ्या हातातून तिचा हात सुटला. दोन सेकंद असतील. ती तीन हात अंतरावर हसत वर आली, मी तिला धरलं आणि आम्ही बाहेर आलो. वाळूत बायको मक्याचं कणीस खात बसली होती, अगदी निवांत. पाण्याकडे बघून एरवी हातपाय गार पडणारी बाई त्या दिवशी निवांत होती, कारण मुलीबरोबर मी होतो. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती, त्यानंतरही नाही.

यंदा लग्नाला पंचवीस वर्षं झाली. मुलीने बंगळुरूहून फोन केला की जानेवारीत आपण तिघं केरळला जाऊ, हाऊसबोटीत राहू. बायको भाऊ गेल्यापासून बोटीत बसलेली नाही. मला वाटलं, ती नाही म्हणेल आणि मी सुटेन. तिने जेवता जेवता शांतपणे सांगितलं, "जाऊ या. तुम्ही आहात म्हणून म्हणते हं."

माझ्या हातात सहा महिने होते. एक तर शिकायचं, नाहीतर सांगायचं. सांगण्यापेक्षा बुडणं सोपं वाटलं.

आधी पेठेतल्या एका तलावावर गेलो. खिडकीतल्या गृहस्थांनी विचारलं, "नवशिक्यांचा फॉर्म कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

त्यांनी चष्म्यावरून मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "इतकी वर्षं काय करत होतात?"

"कोरडा होतो."

"मग आता काय बिघडलं?"

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात मागून आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी टॉवेल खांद्यावर टाकून आले. "वा! इथे शिकवायला लागलात की काय?" मी म्हणालो, विचार चालू आहे. फॉर्म खिशात कोंबला आणि बाहेर आलो. पेठेत माणूस एकवेळ चोरी करू शकतो, गुपचूप पोहायला शिकू शकत नाही.

शेवटी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला गाठलं. हा हडपसरपलीकडच्या मांजरी गावचा. अर्ध्या जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या, उरलेल्या अर्ध्यात ऊस आहे आणि उसाला लागून बांधीव विहीर आहे. त्याचे वडील, आबा, वय वर्षं चौऱ्याहत्तर, त्यांनी गावातल्या निम्म्या लोकांना त्या विहिरीत शिकवलं होतं. आबांनी माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, "सायेब, वजन किती हाय?" मी सांगितलं. त्यांनी गोडेतेलाचे पाच लिटरचे दोन रिकामे कॅन माझ्या पाठीला दोरीने बांधले. मग थोडा विचार करून तिसरा बांधला.

आबांची शिकवायची पद्धत म्हणजे धक्का. मी पायरीवर उभा राहून श्वास कसा घ्यायचा हे विचारत होतो आणि पुढच्या क्षणी पाण्यात होतो. विहीर तीन पुरुष खोल. समोर पंधराव्या मजल्याच्या बाल्कनीत एक बाई कपडे वाळत घालत होती. तिने बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच तेलाच्या तीन कॅनना एक सरकारी कर्मचारी लटकलेला पाहिला. "पान्याशी भांडू नगा," आबा वरून ओरडत होते. "ते काय तुमच्या हापिसातलं न्हाय."

घरी सांगितलं होतं की मांजरीला प्लॉट बघायला जातोय. दर रविवारी प्लॉट बघायला जाणारा माणूस पुण्यात कोणालाच संशयास्पद वाटत नाही. उलट बायकोने त्यात रस घेतला. सातबारा कोरा आहे का, पूर्वेला उतार आहे का, रस्ता किती फुटी. "ईशान्येला विहीर असली तर उत्तम," ती एकदा म्हणाली. मी म्हणालो, विहीर आहे. त्या चार महिन्यांत मी तिच्याशी बोललेलं एवढं एकच वाक्य खरं होतं.

तीनाचे दोन कॅन झाले, दोनाचा एक. दिवाळीनंतरच्या एका रविवारी आबांनी तोही सोडला आणि मी विहिरीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलो. पोहलो म्हणणं जरा अतिशयोक्तीचं होईल, पण बुडलो नाही. भिंतीचा दगड धरून मी लहान मुलासारखा रडलो. ओल्या चेहऱ्यावर ते दिसलं नाही, हे पाण्याचे उपकार.

पुढच्या रविवारी बायको चप्पल घालून दारात उभी. "मी पण येते. पैसे भरायच्या आधी जागा मला बघू दे."

मी वाटेत सांगायचं ठरवलं. हडपसरला सांगायचं ठरवलं, मग पुढच्या सिग्नलला. आम्ही विहिरीपाशी पोचलो तरी सांगायचं राहिलंच होतं. आबा काठावर कॅन धुऊन ठेवत होते. त्यांनी बायकोला बघितलं आणि त्यांना कोण आनंद झाला. "या ताई, या! लई चिकाटीचा मानूस तुमचा. पयल्या दिशी नुसता धोंडा व्हता. पान्याला हात लावायचा तर थरथरायचा. आता बगा, येकट्यानं पार होतुया."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं, मामेभावाच्या बायोडेटापासून लाडवापर्यंत. सांगताना ते विनोदी वाटेल अशी मला आशा होती. ती हसली नाही.

"कोकणात?" तिने विचारलं.

"तेव्हाही येत नव्हतं."

"तिचा हात सुटला होता. मी बघितलं होतं."

मला हे माहीत नव्हतं. सतरा वर्षं मला वाटत होतं की तिला ते दिसलंच नाही.

"मी उठले सुद्धा नाही," ती म्हणाली. "म्हटलं, हे आहेत."

आबांच्या घरून चहा आला. तिने तो सगळा प्यायला, कप नीट बशीत ठेवला आणि आबांना विचारलं, "बायकांना शिकवता का?"

"माज्या तिन्ही लेकी हितंच शिकल्या."

तिने ओढणी काढून माझ्या हातात दिली, पंजाबी ड्रेसच्या बाह्या वर केल्या आणि आबांकडे पाठ केली. त्यांनी दोन कॅन बांधले. मी शर्टाची बटणं काढत पुढे झालो.

"तुम्ही नाही," ती म्हणाली. "तुम्ही वर बसा. मला आता कोणाच्या भरवशावर काठावर बसायचं नाही."

आबांनी तिला धक्का दिला नाही. ती एकेक पायरी स्वतः उतरली. पाणी गुडघ्याला लागलं, मग कमरेला, मग तिने पायरी सोडली. तिचं डोकं पाण्याखाली गेलं. मी ओढणी घट्ट धरून बसलो होतो, आणि ते वर येईपर्यंत मी श्वास घेतला नाही.