चिलापीची भावकी

को चिन-शुई यांनी एक्केचाळीस वर्षं चिलापी मासळी पाळली. समुद्रकाठच्या कोउहू गावात, खाऱ्या वाऱ्यात तीन तळी, तळ्यांवर हवा खेळवणारी फिरती चाकं आणि बांधावर पत्र्याची एक खोली, एवढं त्यांचं जग. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते ताइचुंग शहरात चौथ्या मजल्यावर, सुनेनं आणलेल्या मऊ सपाता घालून, तीन फुटी काचेच्या टाकीसमोर बसले होते आणि एका निळ्या माशाला शिव्या घालत होते.

"पुन्हा गेला तिच्या अंगावर! अरे ए पट्टेवाल्या, तुझ्या बापाची टाकी आहे का?"

निळ्यानं पिवळीला रेटत रेटत कोपऱ्यातल्या नळीमागे कोंबलं आणि स्वतः मधल्या दगडावर येऊन पहारा देत बसला. तिसरा, विटकरी रंगाचा, तळाशी अंग चोरून होता. सुरुवातीला पाच होते. एक मागच्या महिन्यात पोट फुगून मेला. दुसरा आज सकाळी, शेपटी फाटलेली, पाण्यावर आडवा.

सून पेइशान कामावर निघाली होती. चष्म्याच्या दुकानात होती ती. तिथल्याच एका मैत्रिणीनं घर बदलताना ही टाकी तिला दिली होती, आणि पेइशाननं केसांचे चाप निवडावेत तसे रंग बघून मासे आणले होते.

"बाबा, मी सांगून ठेवते. आणखी एक मेला तर टाकी विकणार. रोज सकाळी प्रेत बघून गिऱ्हाइकांसमोर हसायला उभं राहायचं म्हणजे काय?"

"विक की," चिन-शुई म्हणाले.

म्हणाले खरे, पण दार लागल्यावर बराच वेळ जागचे हलले नाहीत. वसंतात ते बांधावरून घसरले, मनगट मोडलं, दोन तास चिखलात पडून राहिले. डॉक्टरांनी एकट्यानं राहू नका म्हणून सांगितलं. मुलगा जहाजावर, वर्षातले आठ महिने समुद्रात. पेइशान गाडी करून आली आणि त्यांना घेऊन गेली. 'शरदातल्या पौर्णिमेच्या सणापर्यंत राहतो,' असं ते तेव्हाच बोलून बसले होते. सण सहा आठवड्यांवर आला होता. या घरात सकाळी उठून करण्यासारखं काम एकच, टाकीपुढे बसायचं. ती गेली तर मग कोउहू. आणि कोउहूला तरी काय होतं? तळी भाड्यानं गेलेली, त्यांच्यावर सौरऊर्जेच्या पॅनेलचं छप्पर, चाकं बंद. बांधावरची खोली तेवढी शिल्लक.

संध्याकाळी पेइशान आली तेव्हा ते बूट घालून तयार होते.

"त्या माशांच्या दुकानात ने मला."

"विकायची का टाकी?"

"आधी ने."

दुकान ल्याओबाईंचं. कोपरापर्यंत बाह्या वर केलेल्या, हात कायम ओले. मासे दाखवण्याआधी उलटतपासणी करायची त्यांची रीत.

"टाकी केवढी?"

"तीन फूट."

"मासे?"

"पाच," पेइशान म्हणाली. "म्हणजे तीन."

"पाच की तीन?"

"आधी पाच. निळा मारतो सगळ्यांना. पण दिसायला इतका छान होता..."

"गुंड छानच दिसतात. माझा पहिला नवरा काय कमी छान दिसायचा?" ल्याओबाईंनी हात पुसले. "नर किती, माद्या किती?"

"ते कसं कळणार?"

"हं. खायला?"

"पाकिटातलं. दोनदा, चिमूट चिमूट."

"मग पोट फुगून कसा मेला?"

पेइशाननं सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे समोरच्या टाकीतली कासवं फार लक्ष देऊन बघत होते.

"बाबा?"

"कोळंबी."

"काय?"

"बाजारातून आणायचो. बारीक चिरून. दिवसातून चार वेळा."

"चार वेळा!"

"मग चिमूटभरानं काय अंग धरणार ते? हडकुळा मासा उचलतं का कुणी?"

"कोण उचलणार आहे, बाबा? आपल्याला कुठं विकायचेत?"

ल्याओबाई हसू दाबत होत्या. "काका, तळं होतं का तुमचं?"

"कोउहू. चिलापी."

"तरीच! अहो, हे तुमच्या चिलापीच्याच भावकीतले. सगळे सिक्लिड कुळातलेच. हे आफ्रिकेतल्या खडकाळ सरोवरातले, एवढाच फरक. पण दगडावरचं शेवाळ खरवडून जगणारी ही जात. आतडं लांबच लांब. कोळंबी पचत नाही, पोट धरतं नि जातात."

आजवर चिन-शुईंनी मासे थंडीच्या लाटेनं मेलेले बघितले होते, रोगानं बघितले होते, वीज गेली नि चाकं थांबली म्हणून एका पहाटेत अख्खं तळं पांढरं झालेलं बघितलं होतं. लाडानं मेलेला हा पहिलाच.

पेइशाननं त्यांची बाही झटकली, जणू तिथे काही लागलं होतं.

"असं करा," ल्याओबाई म्हणाल्या, "निळा मला परत द्या. उरलेल्या दोघांना शांत सोबत देते, दोन-तीन मासे. झालं."

"दोन-तिनानं भांडण वाढेल," चिन-शुई म्हणाले.

"कसं?"

"तळ्यात दोन नर सोडा, एक मरेपर्यंत लढतात. दोनशे सोडा, कुणी कुणाच्या नादी लागत नाही. हाणायला सुरुवात कुणापासून करायची?"

ल्याओबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "हे मी गिऱ्हाइकाला सांगत नाही, काका. सांगितलं की पिशव्या भरून मासे नेतात, नि पाणी बदलत नाहीत."

"पाणी मी बघेन."

"तीन फुटांत चौदा. त्याच्यावर नाही. दोन गाळण्या लागतील. दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलायचं."

"बाबांना वजन उचलायला मनाई आहे," पेइशान मध्येच म्हणाली.

"नळी लावली की पाणी आपसूक उतरतं, पोरी. मी काय हंडे वाहणार आहे?"

मग निवड सुरू झाली. पेइशानचं बोट एका झगझगीत मोरपंखी माशावर गेलं.

"तो नको," ल्याओबाई म्हणाल्या. "मोकळ्या पाण्यातला, मवाळ. हे दगडवाले त्याला आठवड्यात रडकुंडीला आणतील."

"मग हा? निळा, पट्ट्यांचा?"

"तुमच्या निळ्यासारखा दिसतो ना? तोंडावळा जुळला की वैर. रंग वेगवेगळे हवेत."

"आणि एका नरामागे तीन माद्या," चिन-शुई म्हणाले.

"बघा, काकांना सगळं येतंय. शेवाळाचं खाणं तेवढं न्या आता."

शेवटी निळ्याला तीन फिकट माद्या मिळाल्या, पिवळीला चार सोबती, विटकरीला चार. "सगळे एकाच दिवशी सोडा," ल्याओबाईंनी बजावलं. रविवारी न्यायचं ठरलं.

रविवारी स्कूटरवर मागे बसून चिन-शुईंनी माशांच्या पिशव्या मांडीवरच्या बादलीत घरी आणल्या. प्रत्येक खड्ड्याला "हळू!" आणि प्रत्येक सिग्नलला "चल की!" ऐकून पेइशानचे कान किटले. घरी आल्यावर त्यांनी जुन्या तिघांना दुसऱ्या बादलीत काढलं आणि टाकीतले सगळे दगड उपसले.

"हे कशाला? छान रचले होते मी."

"थंडीत आम्ही तळं आटवायचो. तळाला भेगा पडेपर्यंत वाळवायचो. पुन्हा पाणी भरलं की कुठला कोपरा कुणाचा होता, एकाला आठवायचं नाही." त्यांनी दगडांची उंच रास रचली, मध्ये मध्ये बोळ ठेवले. "धर इथं. डळमळलं तर खालचा चेंगरेल."

चौदाही एकदम सोडले. निळा सरळ आपल्या जुन्या दगडाच्या जागी गेला. दगड नव्हता. त्यानं दोन फेऱ्या मारल्या, एका विटकरीच्या मागे लागला, तेवढ्यात मधून पिवळा गेला, तो पिवळ्याच्या मागे, तेवढ्यात त्याचीच फिकट बायको आडवी आली. पाच मिनिटांत त्याची कल्ले फाकवायची हौस फिटली.

"दमला!" पेइशान टाळी वाजवत म्हणाली.

"गप. काच वाजते."

त्यानंतर दर मंगळवारी चिन-शुई नळी लावत. पाणी उतरताना ओंजळीत घेऊन वास बघत. नाक जरा वाकडं झालं की गाळणी धुवायला निघे. एक-दोघांच्या शेपट्या कुरतडल्या गेल्या, पण मेला कुणी नाही. पेइशान सकाळी दात घासता घासता मासे मोजी, चौदा, नि ब्रश तोंडात ठेवूनच 'हं' म्हणे.

सणाला पाच दिवस उरले. गल्लीत लोकांनी सणाचं मांस भाजायला कोळशाच्या शेगड्या बाहेर काढल्या होत्या, दारादारात पपनसं. चिन-शुईंची पिशवी धुऊन गॅलरीत वाळत होती. शनिवारच्या बसचं तिकीट काढायला त्यांनी दोनदा सांगितलं होतं, आणि पेइशान दोन्ही वेळा विसरली होती. ती सहसा काही विसरत नसे.

"बाबा! इकडे या. पिवळी खात नाहीये."

"केव्हापासून?"

"परवापासून. सगळे वर येतात, ही दगडामागेच." तिचा आवाज चिरकला. "मी उगीच बोलले हो ते विकायचं. मेली तरी मी टाकी विकणार नाही. पण मरते का ती?"

चिन-शुईंनी चष्मा लावला, काचेला नाक टेकवलं.

"हनुवटी बघ तिची."

"सुजलीय?"

"भरलीय. अंडी आहेत तोंडात."

"तोंडात?"

"चिलापी असंच करते. पिल्लं सुटी होईपर्यंत तोंड उघडून खात म्हणून नाही."

"किती दिवस?"

"आमच्याकडे बारा-पंधरा. हिचं काय ते मला नाही माहीत. लाव त्या बाईला फोन."

फोनवर ल्याओबाईंचा आवाज अख्ख्या खोलीभर आला. "तीन आठवडे! जास्तच, कमी नाही. हिसका-धक्का काही देऊ नका, घाबरली की गिळून टाकते सगळी. आणि पिल्लांना वेगळी टाकी बघून ठेवा."

पेइशाननं फोन ठेवला. टाकीकडे बघतच तिनं विचारलं, "मग शनिवारचं तिकीट?"

"कसलं तिकीट? तिला धक्का द्यायचा नाही म्हणाली ना ती? तू पाणी बदलायला जाशील नि नळी आपटशील."

"आणि तीन आठवड्यांनंतर?"

"मग पिल्लं."

"आणि पिल्लं मोठी झाल्यावर?"

"फार प्रश्न विचारतेस बाई तू. पपनस सोल."

ती सोलायला बसली. त्यांनी गावाकडच्या शेजाऱ्याला, आ-थूला, फोन लावला. आ-थूला कमी ऐकू येत असल्यानं ओरडूनच बोलावं लागे.

"आ-थू! माझ्या खोलीची किल्ली तुझ्याकडेच राहू दे! तुझी जाळी अंगणात सडतायत, ती आत टाक! ... नाही रे, तब्येत ठणठणीत! इथं काम आहे! ... मासे! चौदा!"

पलीकडे आ-थू काहीतरी म्हणाला आणि खो खो हसत सुटला.

"हजार नाही! चौदाच!" चिन-शुई ओरडले. "एक भरलेली आहे त्यातली!"

पेइशाननं पपनसाच्या फोडीवरचं पांढरं साल नीट काढलं आणि फोड त्यांच्या पुढ्यात सरकवली. फोनवर हात न ठेवताच ते म्हणाले, "थोडं मीठ आण."