फळ्यासमोरची शांतता

आज मी नोएडातल्या एका शाळेत दहावीला गणित शिकवतो, ते माझ्या गावच्या शाळेतल्या गणिताच्या सरांमुळे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. आठवीत शाळा सोडायच्या बेतात होतो, तेव्हा सरांनी मला फळ्याशी उभं केलं आणि ते गप्प राहिले. उत्तर सांगितलं नाही, ‘बस खाली’ही म्हणाले नाहीत. त्या शांततेनेच मला टिकून राहायला शिकवलं, असं मी मानत आलो.

गेल्या वर्षी माझ्या वर्गात नागपूरकडची एक मुलगी होती. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत. तिला आर्किटेक्ट व्हायचं होतं, वहीच्या मागच्या पानांवर ती घरांचे नकाशे काढायची. पण गणित अडलं की लगेच पेन खाली ठेवायची. दहावीला गणिताचे दोन पर्याय असतात; सोपं गणित की पूर्ण गणित, हे बोर्डाच्या फॉर्मात शुक्रवारपर्यंत लिहायचं होतं. सोपं घेतलं तर आमच्या शाळेत अकरावीला गणित मिळत नाही, आणि आर्किटेक्चरला ते लागतंच. तिचा रस्ता तिथेच बंद होणार होता.

सोमवारी मी तिला मनोऱ्याच्या उंचीचं गणित देऊन फळ्याशी उभं केलं आणि सरांसारखा गप्प झालो. एक मिनिट गेलं, दोन गेली. मागून कुणीतरी म्हणालं, “अरे, स्टैच्यू हो गई!” वर्ग हसला. मी तिच्याकडेच बघत होतो.

“सर, मला नाही येत.”

मी बोललो नाही. तिने खडू ठेवला आणि ती वर्गाबाहेर निघून गेली.

पुढचे दोन दिवस गणिताच्या तासाला ती लायब्ररीत बसली. बुधवारी तिचे वडील आले.

“सर, तुमचं चुकलं असं नाही म्हणत मी. पण पोरगी धड जेवत नाहीये. सोपं गणित घेऊन टाकू, बिल्कुल टेन्शन नको.”

“तिला विचारलंत?”

“तीच म्हणतेय. सर नुसते बघत राहतात, म्हणे.”

मी एक दिवस मागून घेतला. घरी जाताना मेट्रोत ते वाक्य डोक्यातून जाईना. सर माझ्याकडे बघत नव्हते! प्रत्येकाला त्याचं चुकलेलं गणित देऊन ते खिडकीशी पाठमोरे बसायचे, स्वतःचं एखादं अडलेलं गणित घेऊन. अख्ख्या वर्गाच्या माना खाली असायच्या. मी त्यांची शांतता तेवढी नोएडाला आणली होती, बाकीचं गावीच राहिलं होतं.

गुरुवारी तिला लायब्ररीत गाठलं. “सोमवारी चूक माझी होती.”

“छोड़ दो ना, सर. बाबा उद्या फॉर्मवर सही करणार आहेत.”

“म्हणजे आजचा तास आहे अजून.”

“सगळे हसतील.”

“कुणी बघणार नाही. मीसुद्धा.”

“तुम्ही? तुम्ही तर सीसीटीव्ही आहात, सर.”

पण ती आली. त्या तासाला काय झालं ते मी शुक्रवारी संध्याकाळी सरांना पत्राने कळवलं.

‘सर, नमस्कार करतो. तुमची पद्धत मी अर्धीच उचलली होती आणि त्यापायी एका मुलीला भर वर्गात उघडं पाडलं. काल सगळ्यांना आपापली चुकलेली गणितं दिली, तिला फळ्यावर तेच मनोऱ्याचं, आणि मी तिच्याकडे पाठ करून बसलो. बराच वेळ काहीच आवाज नाही. वाटलं, गेली ही. मग खडू चालला, थांबला, डस्टर फिरला. असं तीनदा झालं. वळून सांगावंसं फार वाटलं, पण खुर्ची घट्ट धरून बसलो. घंटा झाली तेव्हा आकृती जमली होती, उत्तर चुकलं होतं. ती म्हणाली, “सर, पुसू नका. मधल्या सुट्टीत येते.” आली, आणि चूक तिनेच शोधली. आज फॉर्म आला. सोप्या गणितावर काट मारून तिने पूर्ण गणित लिहिलंय, शेजारी वडिलांची सही आहे. मार्चपर्यंत ती बऱ्याचदा अडेल आणि मला दर वेळी गप्प राहवेल का, याची भीती वाटते. तुम्हाला वाटायची का? दोन ओळी लिहा. तुमचा विद्यार्थी.’