खिशांचा कोट

बाजारातल्या कपड्यांच्या दुकानाच्या माळ्यावर बसून ती लोकांचे कपडे मापात आणून द्यायची. लांब पँट आखूड, घट्ट ड्रेस सैल. सगळे तिला आल्टरवाली म्हणत. कपडा उलटा करून शिवण पाहिली की त्यात अजून किती जागा निघेल, हे तिला लगेच कळे. हेच कसब तिच्या अंगाशी आलं.

तिची धाकटी बहीण परदेशात राहायची. नवरा गेल्यापासून फोनवर तिचं बोलणं आखडलं होतं. "बरी आहेस ना?" म्हटलं की "बरी आहे." पण एकदा ती म्हणाली, "ताई, तू ये ना इकडे. मला काहीतरी विचारायचंय. फोनवर नको."

त्या 'फोनवर नको'ने आल्टरवालीच्या जिवाला घोर लागला. दुकानातून लांब सुट्टी घेऊन तिने आपलं आणि नवऱ्याचं तिकीट काढलं.

तिकिटं आली आणि नवऱ्याने पलंगावर लेन्स मांडल्या. निवृत्त झाल्यापासून त्याला फोटोग्राफीने झपाटलं होतं. लांबचं टिपायला हातभर लांबीची 'तोफ', अख्खी इमारत मावायला 'रुंदवाली', फुलं आणि किडे जवळून घ्यायला 'नव्वद'. एकेकीचं कौतुक तो असं करायचा, की पोटच्या पोरींचंही कोणी करणार नाही.

"एकच नेली तर?" तिने विचारलं.

"कुठली?"

"कॅमेऱ्याला बसेल ती."

"सगळ्याच बसतात गं! आणि पक्षी दिसला तर?"

"पक्षी इथे काय संपलेत?"

त्याने ऐकलं नाही. विमानात हातातल्या बॅगेला वजनाची मर्यादा. मोठ्या बॅगेत लेन्स टाकल्या तर आपटून फुटणार. पण अंगावरच्या कपड्यांचं वजन कोणी करत नाही, असं त्याने कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं.

"तुझा तो जाडा कोट आहे ना, त्याला आतून खिसे शिव."

"तुमच्या कोटाला का नाही?"

"मला कॅमेरा धरायचाय. अंग मोकळं नको?"

ती चिडली, पण काम पुढ्यात आलं की तिचा हात थांबत नसे. जुन्या गादीचा फोम कापून तिने खिशांना आतून लावला, वर मऊ अस्तर, तोंडाला वेल्क्रो. खिसे असे काही बेतशीर झाले, की त्यातला एक रिकामा राहतोय हे नवऱ्याला बघवेना. त्याने आणखी एक लेन्स घेतली!

विमानतळावर भर उन्हाळ्यात ती कोट घालून घामाने निथळत उभी. तपासणीला कोट काढावा लागला, एकेक लेन्स ट्रेमध्ये ठेवावी लागली. मागचे लोक उसासे टाकू लागले. नवरा केव्हाच पलीकडे पोचला होता. तिथून ओरडला, "जपून, जपून!" तिला वाटलं, आपल्याला म्हणतोय. तो ट्रेला म्हणत होता.

उतरल्यावर धाकटी धावत आली आणि तिच्या गळ्यात पडली. किती वर्षांनी! आणि लगेच मागे सरली.

"ताई, हे काय टोचतंय?"

"अगं, हळू! तोफ आहे!" नवरा मागून म्हणाला.

तेव्हा जी तिच्या डोक्यात तिडीक गेली, ती खाली उतरलीच नाही.

रोज तिघं फिरायला निघत. बहिणी बोलायला लागल्या, की मागून हाक. "अगं, नव्वद दे, फुलपाखरू आहे." "रुंदवाली काढ." "ही घे, झाकण नीट लाव." आल्टरवाली रस्त्यात उभी राहून कपाटासारखी उघडायची, मिटायची. अंगावरच्या ओझ्याने खांदे भरून आले होते. एकदा तळ्याकाठी बाकावर बसल्यावर धाकटीने तिचा हात हातात घेतला.

"ताई, तुला म्हटलं होतं ना, विचारायचंय…"

"अगं, तोफ! लवकर! बगळा उडेल!"

धाकटीने हात सोडला. "जा ताई. भावोजी थांबलेत. राहू दे, नंतर बोलू."

बगळा उडाला. फोटो हलला. "तुला जरा चपळाई नाही," नवरा म्हणाला.

घरी आल्यावर तिने बहिणीकडे बारीक कात्री आणि सुई-दोरा मागितला. जेवून नवरा आडवा झाला, तशी ती टेबलापाशी बसली आणि आपल्या कोटाचे खिसे उसवू लागली. टाके पक्के होते, तिचेच होते. कचाकच तोडले. मग तेच खिसे नवऱ्याच्या कोटाला आतून शिवले, लेन्स भरल्या आणि कोट खुंटीला लावला. खुंटी वाकली.

तो उठून बघतच राहिला. "माझ्या कोटाला? भोकं पडली असतील अगं!"

"माझ्याला काय मोती लागले होते?"

"एवढं घेऊन मी चालू कसा?"

"नसेल झेपत तर घरी ठेवा. मी आता काहीही धरणार नाही. मी माझ्या बहिणीकडे आलेय. तुमची खुंटी म्हणून नाही आले!"

तिचा आवाज बाहेरच्या जिन्यापर्यंत गेला असेल. जाऊ दे गेला तर.

तरी तो सगळं अंगावर चढवून निघालाच. हट्ट तो हट्ट. बहिणी पुढे, तो मागे धापा टाकत. आल्टरवालीचा कोट आता हलका होता, नुसती सुईची भोकं दिसत होती. तिने धाकटीच्या दंडात हात घातला.

"बोल आता. काय विचारायचंय?"

धाकटी म्हणाली, "मी परत येऊ का, ताई? इथे माझं कोणी उरलं नाही. तुझ्या घराजवळ एखादी खोली घेऊन राहीन. भावोजींना, तुला त्रास नाही देणार."

आल्टरवाली जागीच थांबली. "हे विचारायला तू मला समुद्रापलीकडे बोलावलंस? आणि इतके दिवस गिळून बसलीस?"

"तू कामात होतीस ना…"

"कामात!" ती उसळली. "खोली कसली घेतेस? माझ्याकडेच राहायचं. आणि पुन्हा 'त्रास' म्हणालीस तर कानाखाली देईन."

धाकटी रडता रडता हसली.

"अगं!" मागून हाक आली. "नव्वद कुठल्या खिशात घातलीस?"

"शोधा!" ती म्हणाली, आणि मागे वळून न बघता बहिणीला घेऊन पुढे निघाली.