गैरहजेरीचा दंड

गोंदिया स्टेशनच्या फलाटावर कल्पना रडली, पण ते माझ्या विरहाने नव्हे. माझ्या नव्या कोऱ्या सुटकेसकडे बघत ती म्हणाली, "तू विमानात बसशीन, अन् मी इथून एसटीनं वापस जाईन." माझी धाकटी बहीण माझ्यावर जळत होती, आणि खरं सांगते, मला ते फार गोड वाटलं. बाबांनी ऑटोवाल्याला मोडक्यातोडक्या हिंदीत माझं शिक्षण सांगून टाकलं होतं. आई पिशवीत आणखी एक पुडा कोंबत होती. गाडी हलली तेव्हा बाबा खिडकीबरोबर दोन पावलं चालले आणि म्हणाले, "चांगलं शिकजो. इकडची काळजी करू नको." मी आज्ञाधारक मुलगी. खरोखरच केली नाही.

हेवा आमच्या घरात आईकडून आला आहे. इटियाडोह धरणाचं पाणी आमच्या गावाला शिवत नाही, कालवा अलीकडूनच वळतो. त्या कालव्यावरच्या गावांत उन्हाळ्यातही धान हिरवागार उभा असायचा. आमच्याकडच्या प्रतापगडच्या यात्रेला जाताना बसच्या खिडकीतून तो दिसला की आई तोंड फिरवायची. "या गावायच्या बायका काय पुण्य करून आल्या का?" आमच्या वाट्याला होता तो जुना तलाव. तलाव बांधण्यासाठी नावाजलेल्या आमच्या कोहळी समाजातल्या पूर्वजांनी तो बांधला, असं बाबा पाहुण्यांना छाती फुगवून सांगत. मला मात्र तलाव म्हटलं की शिंगाडे आठवत, चिखल आठवे आणि उन्हाळ्यातला तो मातीचा दिवस.

तो दिवस बाहेरच्यांना सांगावा लागतो. पावसाळ्याच्या आधी तलावाची पाळ दुरुस्त करतात. घरातल्या प्रत्येक धडधाकट माणसाने त्या दिवशी टोपलीने पाळीवर माती टाकायची. संध्याकाळी पाणकर, म्हणजे कुणाच्या धानाच्या बांधीत पाणी कधी सोडायचं हे पाहणारा गावचा माणूस, सगळ्यांची नावं पुकारतो. जो आला नाही त्याला दंड. पैशांचा नाही, पुढच्या वर्षी दुप्पट मातीचा. जो मातीला आला त्यालाच पाण्याच्या बैठकीत तोंड उघडता येतं, सातबारा कुणाच्याही नावावर असो. लहान असताना मी पोट दुखतंय म्हणून घरी बसायची आणि नाव पुकारलं गेलं की मान खाली घालायची.

आता मी मँचेस्टरला राहते. शेतकरी चळवळींचा इतिहास शिकवते. माझं आयुष्य मॉड्यूल, डेडलाइन, व्हिसा आणि थंडगार सँडविच यांत बसलेलं आहे, आणि ते वाईट नाही. एक गोष्ट मात्र अलीकडे लक्षात आली. इथे मला कुणाचाच हेवा वाटत नाही. शेजारणीने बागेसकट घर घेतलं, मी मनापासून फुलं नेली. सहकाऱ्याला बढती मिळाली, मीच केक आणला. मला वाटायचं, शिकून मी मोठ्या मनाची झाले. गेल्या मे महिन्यात मेक्सिकोला गेले आणि तो भ्रम फिटला.

मेक्सिकोच्या क्रांतीचा वारसा, असा परिषदेचा विषय. क्रांतीनंतर तिथे गावांना सामाईक जमिनी मिळाल्या, त्यांना एहिदो म्हणतात. एहिदोचा कारभार गावची सभा चालवते. माझा निबंध या सभांची तुलना आमच्या तलावाच्या बैठकीशी करणारा. पडद्यावर आमच्या तलावाचा फोटो लावून मी पंधरावीस देशांच्या लोकांना तो समजावून सांगितला. टाळ्या बऱ्यापैकी पडल्या. माझ्यानंतर लुसिया बोलली. ती तिथलीच प्राध्यापक, बसने काही तासांवरच्या एहिदोत वाढलेली. ती स्वतःच्या गावाबद्दल बोलत होती, स्वतःच्या भाषेत, आणि पहिल्या रांगेत तिची आई बसली होती. मांडीवर खाण्याचा डबा. म्हातारी निम्मा वेळ झोपली, पण जागी झाली की आजूबाजूच्यांकडे 'माझी पोर' अशा तोऱ्यात बघायची. कानातल्या यंत्रातून अनुवाद ऐकत मी लुसियाऐवजी त्या म्हातारीकडेच बघत होते. माझ्या आईने मला कधी बोलताना ऐकलेलं नाही. ऐकलं असतं तरी इंग्रजीत तिला काय कळलं असतं?

संध्याकाळी एका अंगणात आम्ही जेवायला बसलो होतो, लुसियाची आईही होती. लुसियाचा फोन वाजला. बोलून झाल्यावर तिने कपाळाला हात लावला. रविवारी गावची सभा, गेलं नाही तर दंड होतो, आणि तिला तर परिषदेचा अहवाल लिहायचा होता. "काय ही कटकट," असं काहीसं ती म्हणाली. टेबलावरचे सगळे हसले. मला हसता येईना. बाईची भाषा, बाईचं गाव, पहिल्या रांगेतली आई, आणि वर हिला न गेल्याबद्दल दंडसुद्धा! मी इतकी वर्षं गेले नाही, मला कुणी साधं विचारलं नाही. मी उठून कोपऱ्यातल्या झाडाखाली गेले आणि घरी फोन लावला.

तिथे सकाळ झाली होती आणि नेमका मातीचाच दिवस होता. कल्पनाने फोन उचलला तेव्हा मागे फावड्यांचा आवाज येत होता. तिचा नवरा नागझिऱ्याच्या अभयारण्यात पर्यटकांची जिप्सी चालवतो, दोघं आमच्याच घरी राहतात. "काऊन फोन केला? काम सुरू हाये इथं." कुणीतरी मागून तिला यंदा पाणी कुणाला आधी, असं विचारलं आणि ती फोन कानाला तसाच धरून उत्तर देऊ लागली. लोक ऐकत होते. जी एसटीने परत गेली तिचं गाव ऐकत होतं. मी ओरडूनच म्हटलं, बाबांना दे.

"बाबा, मी आले नाही. माझ्या नावाने दंड लावायला सांगा."

बाबांना वाटलं मी मस्करी करते आहे. मग ते समजूत घालावी तसे म्हणाले, "दंड घरच्या माणसाले लागते, बेटा. पाहुण्याले कायले लागन?"

त्यांच्या मनात काही नव्हतं, हे मला कळतं. पण त्या अंगणात मी हमसून रडले. मँचेस्टरच्या विमानतळावर परदेशी पासपोर्टच्या रांगेत उभी राहिले तेव्हाही इतकं परकं वाटलं नव्हतं. परत टेबलाशी आले तर लुसिया तिच्या आईच्या ताटातलं उचलून खात होती. मी तिच्याशी नीट बोललेसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला बसले होते तर कल्पनाचा फोन. गावात नावं पुकारून नुकती बैठक उठली होती.

"लागला तुले दंड," ती म्हणाली. "बाबा तं चूपच होते. मीच उठली. म्हटलं, आमच्या घरची मोठी पोरगी आली नाही, निरोप नाही, तिचं नाव काऊन पुकारलं नाही? लोक हसाले लागले. पाणकर म्हणे, ते आता पाहुणी झाली."

"मग?"

"मंग मी म्हटलं, काका, पाहुण्यावर कोणी जळते का? मी तं अजून रोज जळतो तिच्यावर."

मग मी तिला सांगितलं की काल तिचं उत्तर ऐकताना मी किती जळले. ती चक्क खूश झाली. "जळ, जळ," म्हणाली. "पण पुढच्या साली दुप्पट माती हाये, लक्षात ठेवजो. तुझ्या वाटची मी नाही टाकणार."

पुढच्या मे महिन्याचं तिकीट काढलं आहे. जे गाव सोडून गेलात आणि जे राहिलात, त्या दोघांनाही हे कळवते आहे. मँचेस्टरमध्ये माझं काही कुणाला देणं नाही, इथे मी सुखाने राहते. घर मात्र ते, जिथे माझ्या वाट्याची माती टाकायची राहिली आहे आणि ती दुसऱ्या कुणी टाकलेली मला खपणार नाही.